पाहणीच्या दिवशी टेबल हललं नाही

"हलतंय का?"

एकवीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन या घरात आली, त्या संध्याकाळी सासऱ्यांनी तिला विचारलेला पहिला प्रश्न हा. ना नाव विचारलं, ना प्रवास कसा झाला ते. एक नवं कोरं स्टूल तिच्यापुढे ठेवलं, "बस" म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात टेकून स्टुलाच्या पायांकडे बघत त्यांनी विचारलं, "हलतंय का?" ती स्वतः वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती, पण प्रश्न स्टुलाचा होता. "नाही," ती म्हणाली. "मग ऊठ," सासरे म्हणाले आणि स्टूल उचलून चालते झाले. ते गिऱ्हाइकाचं होतं.

सासरे सुतार. हातात लाकूड आणि तोंडात खिळे, त्यामुळे बोलणं बेताचं. सून मात्र बोलकी निघाली आणि बोलता बोलता हातकाम मंडळाची चिटणीस झाली. मंडळात तिला सगळे ताई म्हणत. वयाने मोठे होते तेही म्हणत, कारण कुठलाही अर्ज करायचा, कुठलाही शिक्का आणायचा, कुठल्याही दारात तासभर ताटकळायचं, तर ते ताईनेच.

मंडळ म्हणजे एक लांबट शेड. एका टोकाला सुताराचं लाकूड, मधे विणकर मावशींचा माग, दुसऱ्या टोकाला कुंभाराचं चाक, आणि मागच्या दारी त्याची भट्टी. रंध्याची सरसर, मागाची खटखट, चाकाची घरघर. तिन्ही आवाज एकदम सुरू असले की ताईला जेवल्यासारखं वाटे.

आवाज सुरू ठेवणं मात्र दिवसेंदिवस कठीण झालं होतं. नवीन काही सुरू करणार असाल तर मदत करणारे लोक होते. मोडलेलं दुरुस्त करणार असाल तरी होते. पण जे चाललंय ते नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे भाडं भरायचं, दिवे लावायचे, झाडू आणायचा, याला कुठल्याही फॉर्ममध्ये रकानाच नसे. नऊ महिन्यांचं भाडं थकलं. शेडच्या मालकाने पत्र पाठवलं, या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत भरा, नाहीतर जागा गोदामाला देतो.

ते पत्र ताईने कुणाला दाखवलं नाही. मावशींचा मुलगा आईला आपल्याकडे न्यायला टपलेलाच होता. कुंभाराला फरशीच्या कारखान्यातून दोनदा बोलावणं येऊन गेलं होतं. शेड जाणार म्हटलं की दोघं उठणार. आणि सासरे? ते बहात्तर वर्षांचे. एकदा करवत खाली ठेवली तर ते ती पुन्हा उचलतील, असं ताईला वाटत नव्हतं. तेव्हा पत्र पर्समध्ये, आणि पर्स ताईच्या काखेत, घट्ट.

उपाय तिने एकच शोधला होता. एक प्रतिष्ठान मोडकळीला आलेल्या कार्यशाळांच्या दुरुस्तीला पैसे देत असे. दुरुस्ती हे तिघंच करणार, मजुरी यांनाच मिळणार, त्यातून तिघं मंडळाची वर्गणी भरणार आणि वर्गणीतून भाडं जाणार. ताईने पाच मोडक्या वस्तूंची यादी केली, फोटो काढले आणि अर्ज पाठवला. मोठं टेबल हलतं. खिडकी लागत नाही. मागाची पायाखालची फळी तुटली आहे. भट्टीच्या दाराला तडा आहे. छप्पर गळतं. प्रतिष्ठानाचं उत्तर आलं, की पाहणी होईपर्यंत वस्तूंना हात लावू नये.

दहा महिने कुणी हात लावला नाही. ताई त्या पाच वस्तूंना तळहातावरच्या फोडासारखं जपत होती. आणि शेवटी पाहणीचा दिवस ठरला. शुक्रवार, सकाळी अकरा. आधीचे चार दिवस ताई शिक्क्यांमागे गावभर फिरत होती, शेडकडे फिरकलीसुद्धा नाही.

शुक्रवारी आठ वाजता ती आली. सासरे घरून तिच्या आधीच निघाले होते. तिने फाइल मोठ्या टेबलावर टाकली आणि सवयीने दुसऱ्या हाताने टेबल धरलं, कारण फाइल टाकली की ते डावीकडे कलत असे.

टेबल कललं नाही.

तिने हाताने दाबलं. मग कोपराने. मग पर्स खाली ठेवून ती टेबलावर चढून बसली. टेबल ढिम्म.

"बाबा, टेबल हलत नाहीये."

सुतार रंध्याला तेल लावत होते. "असं?"

"असं काय? दहा महिने हलत होतं."

"दमलं असेल."

"बाबा!"

"अगं, एकच तर सांधा होता. परवा जेवणाच्या सुट्टीत केला. रोज डोळ्यांसमोर हलतंय, माणसाने बघावं तरी किती? तुझ्या यादीत पाच वस्तू आहेत ना? एक नीट झाली म्हणून आभाळ कोसळत नाही. चार शिल्लक आहेत."

ताईने मनातल्या मनात चार मोजल्या आणि श्वास सोडला. वाऱ्याने कागद उडू लागले म्हणून ती खिडकी ओढायला गेली, आणि खिडकी टक् करून लागली. इतकी सुरेख लागली, की बाहेरचा आवाजसुद्धा बंद झाला.

"बाबा, खिडकी?"

"ती जाता जाता झाली."

"कुठे जाता जाता?"

"टेबलाकडून पाण्याच्या माठाकडे."

तेवढ्यात विणकर मावशी आल्या. ताईला बघून त्या दारातच थबकल्या, आणि आज बसायचं की नाही अशा चेहऱ्याने मागाकडे गेल्या. ताई त्यांच्या मागोमाग. मागाखाली वाकून बघितलं तर तुटक्या फळीच्या जागी नवी फळी, दोरीने अशी बांधलेली, की बघत राहावं.

"मावशी, हे काय?"

"तू ओरडू नकोस, मला धडधडतं."

"अजून ओरडले कुठे?"

"चेहरा ओरडतोय तुझा. हे बघ, दहा महिने एका पायाने विणतेय. कापड असं तिरपं यायला लागलं, की गिऱ्हाईक बाई विचारते, तुम्ही आजारी आहात का? म्हटलं, माझी एक फळी. बाकीच्या चार मोडक्या आहेतच की. काकांचं टेबल आहे, खिडकी आहे..."

"ती दोन्ही झाली."

मावशींनी सुतारांकडे पाहिलं. सुतारांनी रंध्याकडे पाहिलं.

"काका, तुमच्या भरवशावर केलं हो मी," मावशी म्हणाल्या.

"आणि मी तुमच्या," सुतार म्हणाले.

उरला कुंभार. तो नेहमीप्रमाणे बोलतच आत आला आणि तिघांचे चेहरे बघून बोलणं त्याच्या तोंडात अर्धंच राहिलं.

"दादा, भट्टीचं दार," ताई म्हणाली. तिने प्रश्न विचारलाच नाही, नुसतं नाव घेतलं.

"ते मंगळवारीच बुजवलं, ताई. पण त्यात काही बिघडत नाही. काकांचं टेबल आहे ना! त्या टेबलाला बघून दगडसुद्धा पैसे देईल."

कुंभाराने टेबलाला हळूच ढकलून पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं.

"मग आता छप्पर तेवढं राहिलं," ताई म्हणाली. "ते तरी गळतंय. त्या एका छपरावर काहीतरी—"

"ताई," कुंभार म्हणाला, "तुम्ही बसा आधी."

"बसत नाही. बोला."

"असं झालं, की भट्टीचं दार नीट झालं. मग ते खरंच नीट झालंय का, हे बघायला काहीतरी भाजायला नको का? म्हणून सात कौलं भाजली. आता सात कौलं भाजली तर ती ठेवायची कुठे?"

"कुठे ठेवलीत?"

कुंभाराने मान वर केली. तिघांनीही वर पाहिलं. दहा महिने आभाळाचे सात तुकडे दिसत होते तिथे सात नवी लालभडक कौलं बसली होती, शेजारच्या काळ्या कौलांत पोरींसारखी उठून दिसत होती.

साडेआठ वाजले होते. अकराला अडीच तास होते, आणि अडीच तासांत पाच वस्तू मोडायच्या होत्या.

"मोडा," ताई म्हणाली.

तिघं एकमेकांकडे बघू लागले. चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वर्षं हातांनी केलं ते नीट करायचं काम. हे दुसरं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. तरी ताईचा चेहरा बघून मावशी मागाखाली बसल्या आणि त्यांनी फळीची दोरी सोडायला घेतली. सोडताना त्या सांगू लागल्या, की नव्या फळीने काल केवढं कापड झालं. सांगून संपलं तेव्हा दोरी सुटलेली होती आणि परत बांधलेलीही होती, आधीपेक्षा एक गाठ जास्त.

"अगंबाई," मावशी म्हणाल्या. "मी नाही केलं हे. बोटांनी केलं."

कुंभार शिडी लावून वर गेला. बराच वेळ खडखड ऐकू आली. ताईला हायसं वाटलं. तो खाली उतरला.

"सरकवलं का कौल?"

"सरकवलं. पण ताई, एक कौल मुळात जरा तिरपंच बसलं होतं. बरं झालं तुम्ही वर पाठवलंत, नाहीतर पुढे त्रास झाला असता."

सुतारांनी तर हातच झटकले. "माझ्या हाताने मी सांधा सैल करणार नाही. वाटलं तर माझी बोटं सैल कर."

तेव्हा ताईने करवत उचलली. टेबलाच्या एका पायाशी बसून तिने खालून बोटभर लाकूड कापायला सुरुवात केली. करवत अडकत होती, वाकत होती, किंचाळत होती. सुतार चार पावलं दूर उभे राहून बघत होते. आधी त्यांनी कानांवर हात ठेवले, मग डोळ्यांवर.

"तिरकं कापतेयस."

"मला तिरकंच हवंय, बाबा."

"तिरकं हवं असलं तरी कापायची एक रीत असते. बाजूला सर."

त्यांनी करवत घेतली आणि तीन फटक्यांत पाय कापला. टेबल डावीकडे कललं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता असंच राहू द्या हं," ती म्हणाली आणि फोटो नीट लावायला वळली. फोटो लावून परत आली तेव्हा सुतार दुसऱ्या पायाशी होते.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही. हा पाय जरा वर वाटत होता."

टेबल पुन्हा ढिम्म. ताईने तिसरा पाय कापला. तिची पाठ वळायचा अवकाश, सुतारांनी चौथा आणि पहिला जुळवून घेतला. ती एक पाय आखूड करायची, ते बाकीचे तीन. फक्त करवत, रंधा, भुसा. भुसा, रंधा, करवत. मावशी मधूनमधून म्हणत, "काका, पुरे," आणि काका म्हणत, "झालंच." साडेदहाला ताई दमून उभी राहिली आणि तिने टेबलाकडे पाहिलं. चारही पाय काटेकोर सारखे होते, टेबल दगडासारखं घट्ट होतं, आणि तिच्या गुडघ्याला लागत होतं.

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. तपासनीस बाई अर्धा तास आधीच आल्या होत्या.

बाई उंच होत्या, बोलणं कमी, काखेत जाड फाइल. त्यांनी पाणी घेतलं, चहाला नको म्हणाल्या, फाइलीतले पाच फोटो काढून हातात धरले आणि पत्ते बघावेत तसे एकामागून एक बघितले.

"वस्तू क्रमांक एक. टेबल. अर्जात उंची बत्तीस इंच." त्यांनी पिशवीतून टेप काढला. "एकोणीस."

"लाकूड आकसतं, मॅडम," कुंभार म्हणाला.

सुतारांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो भिंतीला टेकला.

बाईंनी टेबल ढकललं. मग जरा जोराने. मग त्या खाली बसल्या आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. "हा सांधा कुणी केला?"

ताईने त्यांच्याकडे डोळे वटारले. सुतारांनी ओठ आवळले, मान फिरवली, छताकडे पाहिलं, आणि मग त्यांना राहवेना. "आत पाचर आहे," ते म्हणाले. "बाहेरून दिसत नाही. सरस नाही, खिळा नाही. तुमचे नातू यावर नाचले तरी काही होणार नाही." एवढं एका दमात ते घरात वर्षभरात बोलले नव्हते.

खिडकी टक् करून लागली. मागाची फळी दाबून मावशींनी स्वतःच चार धागे विणून दाखवले, "बघा, आता कसं सरळ येतंय," आणि मग जीभ चावली. भट्टीचं दार बंद झालं तेव्हा कुंभाराने सांगितलं, की तड्यात काय काय भरलंय.

"छप्पर," बाई म्हणाल्या. "गळतं कुठे?"

"इथे," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हणजे पाणी पडलं तर."

"पाणी टाकून बघू."

कुंभार दोन बादल्या घेऊन धावत वर गेला. पाणी धबाधबा ओतल्याचा आवाज आला. खाली चौघं मान वर करून उभी. एक मिनिट गेलं, दोन गेली. शिडीवरून कुंभाराचं ओलं डोकं आत डोकावलं.

"एक थेंब नाही ना?" त्याने आनंदाने ओरडून विचारलं. "सांगितलं नव्हतं!"

बाईंनी पेन काढलं आणि पाच ओळींसमोर पाच खुणा केल्या. "पाचही वस्तू सुस्थितीत," त्यांनी लिहिता लिहिता म्हटलं. "दुरुस्तीची गरज नाही. अर्ज नामंजूर. इथे सही करा."

ताईने सही केली. सही तिरपी झाली नाही. बाईंनी पेनाला टोपण लावलं, ते काढलं, पुन्हा लावलं. फोटो एकदा या क्रमाने ठेवले, मग त्या क्रमाने. टेप गुंडाळला. अजून थोडं पाणी मागितलं आणि ते घोट घोट प्यायल्या. "अजून काही सांगायचंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. मग म्हणाली, "हो."

तिने पर्स उघडली. पत्र इतके दिवस घट्ट घडी होऊन पडलेलं, की उलगडताना घडीवर फाटलं.

"आम्हाला दुरुस्ती नकोच होती, मॅडम. ती यांनी जेवणाच्या सुट्टीत केली, बघितलंत तुम्ही. आम्हाला भाडं हवंय. दिव्याचं बिल हवंय. हे लोक रोज इथे येतात आणि नीट काम करतात, ते उद्याही करता यावं, एवढंच हवंय. पण नुसतं चालू ठेवायला कोणी देत नाही. म्हणून मी दहा महिने टेबल हलतं ठेवलं. नऊ महिन्यांचं भाडं थकलंय. तीस तारखेला ही जागा जाणार आहे. यांना कुणालाच माहीत नाही. बाबांनासुद्धा नाही."

छपरावरचं पाणी पन्हळीतून बाहेर पडताना ऐकू आलं. कुंभार शिडीवर अर्ध्यातच थांबला. मावशी मागावरून उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"नऊ महिने?" सुतारांनी विचारलं.

"हो."

"रोज माझ्यासमोर जेवत होतीस."

"हो, बाबा."

"तरीच," सुतार म्हणाले, "मी म्हणायचो, हल्ली मीठ दोनदा पडतं." त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि त्यावरचा भुसा अंगठ्याने पुसत राहिले. "वेडी आहेस. आम्ही काय पळून जाणार होतो?"

"मी पण कुठे जात नाही," कुंभार वरून म्हणाला. "फरशा भाजायचा मला कंटाळा आहे."

मावशींनी फळीवर पाय ठेवला आणि खट् करून एक धागा आणखी विणला.

तपासनीस बाई दाराकडे वळल्या होत्या त्या थांबल्या. परत आल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि फाइल त्या एकोणीस इंची टेबलावर ठेवली. सगळे कागद उलटून झाल्यावर अगदी तळातून त्यांनी एक पान काढलं. त्याच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या, पण त्यावर पेनाची एकही खूण नव्हती.

"अर्जाला चौथं पान असतं," त्या म्हणाल्या. "भाडं, वीज, रोजचा खर्च, सगळं यात बसतं. पण हे आम्ही आपणहून दाखवायचं नाही, असा नियम आहे. कुणी तोंडाने मागितलं तरच."

"मग आजवर कुणी—" ताईने विचारलं.

"कुणी मागितलंच नाही. आणि अट एवढीच आहे, की जागा आणि साधनं सुस्थितीत असावीत. तसं मी आत्ताच लिहून दिलं आहे, तुमच्या सहीसकट. हे भरून दिलंत तर सोमवारी समितीपुढे ठेवते. थकलेलं धरून लिहा, कमी लिहू नका." बाईंनी पान ताईपुढे सरकवलं, पण त्यावरचा हात लगेच काढला नाही. खाली मान घालून, कुणाकडे न बघता त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी हे काम करतेय. जिथे जाईन तिथे लोक मला मोडकंच दाखवतात. हे पान फाइलीत असतं, आणि मला सांगता येत नाही. कुणीतरी मागेल म्हणून मी प्रत्येक ठिकाणाहून निघायला मुद्दाम उशीर करते."